दाजींचे दोन खेळ

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ठोकर बसलेल्या गाड्या विमा कंपनीच्या वतीने बघायच्या आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती, खोटं किती, ते कागदावर लिहून द्यायचं, हे माझं काम. माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "मी उभा होतो हो, मागून येऊन ठोकलं." मी खाली वाकून बंपर बघतो, काचेचा चुरा कुठे पडलाय ते बघतो आणि ओळखतो, की हा पठ्ठ्या रिव्हर्स घेत होता. बावीस वर्षं हे केल्यावर घरी येऊन डोळे काढून खुंटीला टांगता येत नाहीत. बायको म्हणते, तुम्ही पाण्याचा पेलासुद्धा उजेडाकडे धरून मग पिता. खरं आहे. त्यामुळे माझ्या ताईला जेव्हा नवऱ्यावर नजर ठेवायला माणूस हवा होता, तेव्हा तिला फार लांब जावं लागलं नाही.

ताईचा नवरा म्हणजे आमचे दाजी. काच कापणारा माणूस. खिडक्यांच्या काचा, आरसे, कपाटांची सरकती दारं. लांब टेबलावर काच आडवी टाकायची, पट्टी धरायची आणि हिऱ्याने एकच रेघ ओढायची. त्या रेघेवरून दुसऱ्यांदा हिरा फिरवायचा नाही, फिरवला की काच भलतीकडेच तडकते. मग काठ धरून हलकेच खाली दाबलं, की टक् आवाज होऊन दोन तुकडे वेगळे. मी हे शंभर वेळा पाहिलंय आणि शंभरही वेळा श्वास रोखून धरलाय.

या धंद्याने दाजींचं डोकं मापात बसवून टाकलं होतं. पाव जाड कापला तर म्हणायचे, "तीन मिलिमीटर जास्त." शेजाऱ्याने गेट बसवलं, तर यांच्या तोंडून कौतुक नाही, "डावीकडे दोन मिलिमीटर झुकलंय." त्यांच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "जरा जवळ सरका," तर नवरदेवाने विचारलं, "किती?" सगळा मांडव हसला, ताई लाजेने लाल झाली. आम्ही पूल खेळायला जायचो त्या हॉलमध्ये त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. खरं नाव तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

हा हॉल टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना चढेपर्यंत नाकात रबर भरतं. वर तीन टेबलं, हिरवं कापड जागोजागी विटलेलं, आणि कोपऱ्यात एक काउंटर, जिथे चहा मिळतो, बिअर मिळते आणि छोट्या ग्लासातली कडक दारूही मिळते. खिडकीजवळचं टेबल शनिवारी दुपारी आमचं. बारा वर्षं आमचंच. तिथला नियम एकच, हरेल त्याने ब्रश घेऊन टेबल झाडायचं, तेही एकाच दिशेने, उलटसुलट नाही. मी बारा वर्षांत इतकं झाडलंय की घरी कोणी मला केरसुणी दिली असती तर घर आरशासारखं राहिलं असतं.

लोक म्हणतात दारू जिभेवर चढते. माझं निरीक्षण असं, की ती आधी कोपरात चढते. हॉलमधला शिंपी पहिल्या ग्लासानंतर सरळ फटका सोडून देतो आणि प्रत्येक बॉल काठाच्या रबरावर आपटून आणायला बघतो. पोस्टमन दोन ग्लासांनंतर दानशूर होतो, समोरच्याचा फाऊल झाला तरी म्हणतो, राहू दे, मार परत. दातांचा एक डॉक्टर यायचा, तो तिसऱ्या ग्लासानंतर नेम धरायचं सोडून फक्त जोर लावायचा, बॉल उडून काउंटरवर जायचे. त्याच्याकडे मी कधी दात दाखवायला गेलो नाही. थोडक्यात, कोणी किती घेतलीय हे मला तोंडाचा वास न घेता सांगता येतं, असा माझा दावा होता. सगळे मानायचे. मीही मानायचो, हीच खरी गोम.

दाजींचे दोन खेळ होते. एक खेळ असा, की बघत राहावं. डाव्या हाताची बोटं कापडावर पसरलेली, स्टिक त्यावरून तेलात सरकल्यासारखी पुढेमागे, आणि फटका इतका हळू की बॉल पॉकेटपर्यंत पोचतोय की नाही अशी धाकधूक व्हावी. पोचायचा. काठावर जरा थांबायचा आणि मग आत उतरायचा. पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी जिथे हवा, तिथेच. दुसरा खेळ म्हणजे धुमाकूळ. मूठ आवळून टेबलावर टेकवायची, आव बघायचा ना ताव, धाडकन मारायचं. कधी दोन बॉल एकदम आत, कधी पांढराच टेबलाखाली.

दाजी उघडउघड प्यायचे त्या वर्षांत मी हे दोन खेळ नीट नोंदवले होते. आल्याआल्या पहिला खेळ, चार ग्लास झाले की दुसरा. एखाद्या शनिवारी आल्यापासूनच धुमाकूळ असला तर मी समजायचो, आज घरूनच घेऊन आलेत. हिशेब सरळ होता. हळू म्हणजे शुद्ध, जोरात म्हणजे प्यालेले.

हे पिणं वाढत वाढत शेवटी भाचीपर्यंत गेलं. ती तेव्हा सात वर्षांची, पोहायला शिकत होती. तिला तलावावरून आणायचं काम दाजींचं. त्या दिवशी ते हॉलमध्ये बसले आणि विसरले. पोर ओल्या केसांनी दोन तास पायरीवर बसून होती, तलावाच्या रखवालदाराने तिला आपला डबा खायला दिला. घरी आल्यावर ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच सांगितलं, "आता पुन्हा एक थेंब, की मी लेकीला घेऊन जाते." नुसती धमकी नव्हती ती. ताई पडदे शिवते. तिच्या मैत्रिणीचं दुसऱ्या गावी पडद्यांचं दुकान आहे, वर दोन खोल्या रिकाम्या, आणि मैत्रीण कधीची बोलावत होती. दाजींनी कानाला खडा लावला. म्हणाले, "सुटली."

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. महिनाभराने ताईने मला बोलावलं. मशीनवर भलामोठा पडदा पसरलेला, ती त्याची कड दुमडत होती.

"तू शनिवारी त्यांच्याबरोबर खेळतोस ना?"

"हो."

"तुला खेळण्यावरून कळतं म्हणतोस. मग मला सांगत जा."

"म्हणजे मी दाजींवर पहारा करू?"

"पहारा नको करू. खेळ आणि सांग. घरात हे काय, गोड बोलतील. घराबाहेर हात खोटं बोलत नाही, असं तूच म्हणतोस."

म्हणत होतो खरा. मी मान डोलावली. मला जरा अभिमानही वाटला, कबूल करतो.

पुढचे आठ महिने दाजी जे खेळले, तसं मी कोणाला खेळताना पाहिलं नाही. दर शनिवारी पहिला खेळ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच, हळू, रेघेवरून सुटल्यासारखा. काउंटरवाला त्यांच्यापुढे चहा ठेवायचा. मी हरायचो, झाडायचो, आणि जिन्यातून उतरतानाच ताईला फोन करायचो. "ताई, स्वच्छ." एवढाच शब्द. तिचा आवाज दर महिन्याला थोडा सैल होत गेला. एकदा तिच्याकडे गेलो तर भांडी घासताना गुणगुणत होती. मला वाटलं, या घरावर मी शिक्का मारलाय, चाचणी उत्तीर्ण.

आणि मग एका शनिवारी पहिल्याच फटक्याला पांढरा बॉल उडाला आणि शिंप्याच्या पोटरीला लागला.

"काय मिलिमीटर," शिंपी म्हणाला, "आज किलोमीटरमध्ये काय?"

सगळे हसले. दाजीही हसले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या एका गोष्टीवरून माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. ठोकर बसलेल्या गाडीच्या मालकाशी आधी बोलायचं नसतं, आधी गाडीभोवती फिरायचं असतं. मी फिरू लागलो.

बोटं पसरून स्टिक टेकवणं त्यांनी बंद केलं होतं, आता कायम आवळलेली मूठ. चहा घेणं बंद, विचारलं तर "पोट ठीक नाही." पाणी बाटलीतून प्यायचे, दोन्ही हातांनी धरून, आणि पिताना खिडकीकडे तोंड फिरवायचे. पाटीवर गुण लिहायचं काम नेहमी त्यांचं, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ते आता खडू माझ्या हातात द्यायचे. एक दिवस मी आरसा विकत घ्यायचा बहाणा करून त्यांच्या दुकानात गेलो. दाजी कापायच्या टेबलावर नव्हतेच. मागे, पाणी सोडलेल्या घासायच्या चाकावर काचेच्या कडा गुळगुळीत करत बसले होते. हे नवशिक्याचं काम. मालकाला विचारलं तर म्हणाला, "त्यांनीच मागून घेतलं." वीस वर्षं काच कापलेला कारागीर आपणहून कडा घासायला बसतो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तोंडाला वास नव्हता. मला वाटलं, बिनवासाची घेत असणार, आजकाल मिळते. एका शनिवारी ते खाली कोणाशी बोलायला गेले तेव्हा मी लाज गुंडाळून त्यांची पिशवी उघडली. तळाशी फडक्यात गुंडाळलेली छोटी बाटली. सापडली! बूच काढून हुंगलं. रॉकेल. हिऱ्याला लावायला काचवाले ते जवळ ठेवतात हे मला माहीत होतं. पण मी कसला ऐकतो. मला वाटलं, आता कापायचं काम नाही तर रॉकेल कशाला? वास मारायला! कावीळ झाली की पिवळंच दिसतं. माझी तर बावीस वर्षांची कावीळ.

सहाव्या शनिवारी दाजी सातपैकी सातही डाव हरले. बारा वर्षांत पहिल्यांदा टेबल त्यांनी झाडलं, मी नाही. जिन्यात उभं राहून मी ताईला फोन केला.

"ताई, परत सुरू झालीय. दीड महिना झाला."

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. "नक्की?"

"नक्की. मी लिहून देतो."

ती एवढंच म्हणाली, "बरं." त्या रात्री तिने दाजींना विचारलं. दाजी म्हणाले, "मी पीत नाही." नंतर ताईने मला सांगितलं, की तेच तोंड, तोच आवाज, जसा आधीचे आठ महिने होता तसाच. त्यामुळे तिला काहीच ठरवता येईना. मग तिने माझ्या शब्दावर ठरवलं. गुरुवारी सकाळी ती भाचीला आणि शिवणाच्या मशीनला घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली.

शनिवारी मी हॉलवर गेलो तो सवयीने. दाजी येतील असं वाटलं नव्हतं. ते आधीच खिडकीजवळच्या टेबलाशी होते, दाढी वाढलेली, बॉल त्रिकोणात लावून ठेवलेले.

"ये इन्स्पेक्टर," ते म्हणाले. मला ते नेहमी याच नावाने हाक मारतात. "वाटलं होतं येशील."

"मी काय करणार होतो दाजी? तिने विचारलं, मी दिसलं ते सांगितलं."

"तुला काय दिसलं?"

मी सांगितलं. एकेक मुद्दा, अहवालासारखा. मूठ, बाटली, पाटी, कडा घासणं, पोटरीला बॉल लागलेला शिंपी. रॉकेलचंही सांगितलं. पिशवी उघडली हे सांगताना मान खाली गेली, पण सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आणि त्याआधीचे आठ महिने?" त्यांनी विचारलं. "तेव्हा मी कसा होतो?"

"तेव्हा तुम्ही शुद्ध होतात. खेळ काय सुंदर होता!"

"तेव्हा मी रोज घ्यायचो," दाजी म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. ते खुर्चीवर बसले आणि बोलू लागले. एरवी मापाने बोलणारा माणूस, त्या दुपारी थांबला नाही. बारा वर्षांपूर्वी, छत्तिसाव्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता. पिऊन नव्हे. तेव्हा ते थेंबाला शिवत नव्हते. त्यांच्या वडिलांचाही हात असाच हलायचा, आणि ते कधी प्यायले नाहीत तरी गल्लीने त्यांना बेवडा ठरवून टाकलं होतं. काच कापणाऱ्याचा हात हलतो हे कळलं तर काम गेलं. मग कोणाच्या तरी बारशा-लग्नात एक ग्लास घेतला आणि पाहिलं, की हात गप्प झाला. काही तास अगदी गप्प.

"त्या दिवसापासून सकाळी कामाआधी थोडी. मग थोडीची बरीच झाली, ते तू पाहिलंसच. पोर पायरीवर बसली त्या दिवशी मी खरंच सोडणार होतो. पण दुसऱ्या दिवशी हिरा हातात धरवेना. मग मोजून घ्यायला लागलो. तीस मिली. बिनवासाची. हात धरण्यापुरती. स्वतःला सांगायचो, हे पिणं नाही, हे औषध आहे. शनिवारी इथे येण्याआधीही घ्यायचो. आणि तू खाली जाऊन तिला सांगायचास, स्वच्छ."

ज्या खेळाला मी आठ महिने दाद दिली, तो दारूचा होता. आणि उघडउघड पिण्याच्या काळात मी ज्याला शुद्ध खेळ समजायचो, तोही सकाळच्या ग्लासाचाच. न पिता आलेले शनिवार मी 'घरूनच घेऊन आलेत' म्हणून नोंदवले होते. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

"मग जोरात का मारता?" मी विचारलं.

"हळू मारायला हात स्थिर लागतो. जोरात मारलं की हाताला थरथरायला वेळच मिळत नाही."

"आणि सोडली कधी?"

"सात आठवडे झाले. तिसाची नव्वद झाली होती. एका सकाळी पोरीच्या शाळेच्या वहीवर सही करायची होती, मी अजून घेतली नव्हती. पेन कागदावर टेकेना. तिने काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाली, आता लिहा बाबा." त्यांनी आपलं मनगट धरून दाखवलं. "त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. सगळं सांगितलं. आठ महिन्यांचंही."

"ताईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? आत्ता सोडली म्हणालो, की आधी पीत होतो हे आलंच. तेवढी छाती झाली नाही."

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरने त्यांना जिलेबीसारखं एक गोल गोल वेटोळं काढायला लावलं होतं. ज्याचं अक्षर मोत्यासारखं, त्याच्या वेटोळ्याची रेघ करवतीसारखी दातेरी. खाली डॉक्टरचा शिक्का. सोडल्यावरची थरथर काही दिवसांत जाते, ही गेली नाही, म्हणजे ही मूळचीच. गोळ्या सुरू करू, असं डॉक्टर गेल्याच आठवड्यात म्हणाला होता. दारूने हात काही वेळ गप्प बसतो आणि नंतर दुप्पट मागतो, हेही म्हणाला होता.

कोणीही चांगला माणूस इथे थांबला असता. मी थांबलो नाही. कागद उजेडाकडे धरला. बावीस वर्षांत मी इतके शिक्के आणि इतके कागद पाहिलेत. आठ महिने ज्याने मला फसवलं, तो आज खरंच बोलतोय कशावरून? हे वेटोळं प्यालेल्या माणसानेही असंच काढलं असतं. मी उठलो, काउंटरवर गेलो, एक छोटा ग्लास कडक भरून आणला आणि टेबलाशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"हात गप्प होतो म्हणता ना? घ्या. हात थांबला तर मी मानतो. आत्ता ताईला फोन करून सांगतो."

हे मी बोललो. सात आठवडे न प्यायलेल्या माणसाला, स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दाजींनी ग्लासाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, त्यांची जीभ ओठांवरून फिरली, ते मला दिसलं. त्यांना तो हवा होता. घेतला असता तर त्यांची बायको-पोर परत येण्याची वाट उघडत होती, आणि उघडणारा मी समोर उभा होतो. मग त्यांनी स्टिक उचलली.

"आधी एक डाव खेळू," ते म्हणाले. "आज हळू मारतो. तू बॉलकडे बघू नकोस. स्टिकच्या टोकाकडे बघ."

आम्ही खेळलो. ते वाकले, बोटं कापडावर पसरली, त्या आठ महिन्यांत पसरायचे तशी. आणि मी पहिल्यांदा टोकाकडे पाहिलं. पांढऱ्या बॉलसमोर ते टोक थरथरत होतं, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, एक क्षण थांबत नव्हतं. त्यांनी जबडा आवळला, श्वास सोडला, पण हात त्यांचं ऐकेना. फटका बसला तो भलत्याच जागी. बावीस वर्षं मी ठोकर झाल्यानंतरचं बघत आलो. ठोकर व्हायच्या आधीचं बघायची मला सवयच नव्हती.

डाव संपायला अर्धा तास लागला. दाजींनी एकही फटका जोरात मारला नाही, म्हणजे एकदाही हात लपवला नाही. आजूबाजूचे खेळायचे थांबून बघत होते. शिंप्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी काळा बॉल राहिला, जो घालेल त्याचा डाव, पॉकेटपासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत. भाचीनेही घातला असता. ग्लास त्यांच्या उजव्या कोपराशीच होता, भरलेला. एक घोट, आणि तो बॉल आत. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं. मग वाकले आणि हळूच मारला. काळा बॉल पॉकेटच्या ओठावर आपटून बाजूला गेला.

पुढचा फटका माझा होता. मला मारवेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, टेबल नीट दिसत नव्हतं. दाजींनीच काळा बॉल हाताने पॉकेटमध्ये ढकलला, म्हणाले, "हरलो," आणि दोन्ही हातांनी ब्रश धरून टेबल झाडायला लागले.

मी ग्लास उचलला, काउंटरमागच्या मोरीत ओतला. मग परत येऊन म्हणालो, "दाजी, माझी चूक झाली."

"तुझ्या एकट्याची नाही," ते झाडताझाडता म्हणाले. "पण एक सांगतो. पीत होतो तेव्हा तू माझा साक्षीदार होतास. सोडली तेव्हा पोलीस झालास."

मी विचारलं, "ताईला सांगू? सगळं सांगावं लागेल. आठ महिन्यांसकट."

त्यांचा ब्रश थांबला. "सांग," ते म्हणाले. "मला जमलं नाही. तू सांग."

मी जिन्यात जाऊन फोन लावला. मागून मशीनचा आवाज येत होता. मी आधी आठ महिन्यांचं सांगितलं, मग सात आठवड्यांचं, मग हाताचं. मधेच मशीन बंद झालं.

"म्हणजे मी गुणगुणत होते," ताई म्हणाली, "तेव्हा हे पीत होते."

"हो."

"आणि तू मला दर शनिवारी सांगायचास, स्वच्छ."

"हो, ताई."

"लाज वाटते मला त्या गुणगुणण्याची." लगेच म्हणाली, "डॉक्टरकडे एकटेच गेले?"

"एकटेच."

"हात हलतो हे बारा वर्षं मला नाही सांगितलं. मी काय त्यांचं काम काढून घेणार होते?" ती रडत होती की रागावली होती, मला कळेना. दोन्ही असावं. मग तिने विचारलं, "आज कसे खेळले?"

"फार वाईट."

"असं नको. तुझ्या त्या कागदावर लिहितोस तसं सांग."

"काळा बॉल भोकापासून वीतभर. सरळ रेषेत. हळू मारला, चुकला. ग्लास शेजारी भरलेला होता. अर्धा तास. शिवले नाहीत."

"तो ग्लास तिथे कोणी ठेवला?"

मी सांगितलं, मी. तिने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. सगळं बोलून झाल्यावर तिने नाक पुसल्याचं ऐकू आलं.

"तुझ्या डोळ्यांवर आता माझा विश्वास नाही," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी मी येते. तू खेळ, मी खुर्चीवर बसते. मला ह्यांना हरताना बघायचंय."